मिस्त्रीची दोरी आणि माझा टेप

मंडळी, आज सानगडीत आमच्या घराचा पाया आखला. किसन मिस्त्रींनी गाठी मारलेली दोरी ताणली. एक बाजू तीन भाग, दुसरी चार, तिरपी पाच. म्हणे, झाला काटकोन!

मी गणिताचा मास्तर, मला संशय आला. ते चहाला गेल्यावर गुपचूप टेप लावला. एकही भाग फुटात बसेना. पकडला!

"मिस्त्री, तुमची दोरी खोटी आहे."

"माह्या हातानं मोजून गाठी मारल्या, गुरुजी. फूट घ्या का हात घ्या, कोपरा तोच निघते. बापानं शिकवलं."

तीनचा वर्ग अधिक चारचा वर्ग बरोबर पाचचा वर्ग, हे मी वीस वर्षं फळ्यावर लिहितोय. पुस्तकात ते एका ग्रीक पंडिताच्या नावावर आहे. आता मला त्याचाच संशय येतोय. त्याच्या घराचा पाया कोणी आखला असेल हो?