शेवटच्या गुरुवारची कहाणी

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या ओळखीतली माणसं एकदम शहाणी होतात. सरत्या वर्षाने आपल्याला काय शिकवलं, याच्या याद्या मोबाइलवर येऊ लागतात. क्षमा, कृतज्ञता, आणि मागे बहुधा सूर्योदय. माझा यंदाचा धडा सूर्योदयावर छापण्यासारखा नाही. साठी उलटल्यावरही मी धाकट्या भावावर जळतो, एवढंच मला कळलं. तेही आईला पोथी कोण वाचून दाखवतं यावरून.

आई नागपुरात माझ्याकडे असते. तिच्या डोळ्यांत थेंब मी घालतो, दवाखान्यात मी नेतो. नजर अगदीच अंधुक झाली म्हणून यंदा मार्गशीर्षातल्या गुरुवारची देवीची कहाणी वाचायचं कामही माझ्याकडे आलं. पहिल्या गुरुवारी मी स्वच्छ, खणखणीत वाचलं. राणीने म्हातारीच्या रूपातल्या देवीला हाकललं आणि तिचं राज्य गेलं, तिथे मात्र थांबलो.

"एवढ्यासाठी आख्खं राज्य? आधी नोटीस तरी द्यायची."

आई हसली नाही. "तू वाचतो तं असं वाटते का देवीची चौकशी लावून राहिला," ती म्हणाली, आणि पुढच्या गुरुवारी तिने कामठीहून धाकट्याला बोलावलं.

तो बसने यायचा, हातपाय धुऊन पाटावर बसायचा आणि अडखळत वाचायचा. एक ओळ दोनदा, दुसरी मुळीच नाही. आई डोळे मिटून, हात जोडून ऐकायची. कपाळावरची आठीसुद्धा जायची. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून अर्धा तास एकाच पानावर असायचो. देवीवर माझा विश्वास नाही, त्यामुळे तिच्याकडे मागण्यासारखं काही नव्हतं. आईचा तो चेहरा मला हवा होता, आणि माझ्या वाचनाने व्हायला हवा होता.

शेवटच्या गुरुवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. "दादा, मले ताप आहे गा. फोन स्पीकरवर लाव, इथूनच वाचतो."

"फोनवरून कशाला वाचतोस? मी आहे ना घरी," मी म्हणालो.

"त्यालेच वाचू दे," आई पाटावरून म्हणाली.

मी फोन तिच्या कानाशी धरून बसलो. तापातही तो नेहमीसारखाच अडखळत होता. राज्य गेलेले राजा-राणी रानात पोचले आणि फोन कटला. मी पुन्हा लावला. लागेना.

"काहून थांबला?"

"लागत नाही आहे."

आई जोडलेले हात तसेच ठेवून बसली. मी पोथी उचलली. ती हो म्हणाली नाही, नकोही म्हणाली नाही. मी रानापासून पुढे वाचू लागलो. दोनदा शेरा तोंडाशी आला, तो गिळला. मान वर करून तिच्याकडे पाहायचा धीर झाला नाही. पानभर झालं असेल, तेवढ्यात फोन वाजला.

"आई, लाईन गेली होती. राजा-राणी रानात गेले, तिथून घेतो."

"तिथून नको," आई म्हणाली. "तेवढं यानं वाचलं. पुढचं वाच."

मी त्याला पुढची ओळ सांगितली. दीड पान उरलं होतं. फोन आणखी पाच मिनिटं लागला नसता, तर तेही माझंच झालं असतं.