हिमालयात बोंडअळी

आमच्या चित्रकलेच्या खोलीत झाडू मारला की हमखास दोन गोष्टी निघतात. सुतळीचे तुकडे आणि किस्से. सुतळी सुपलीत भरून टाकून देता येते. किस्से मात्र खोलीतच राहतात आणि नवीन कोणी आलं की त्याच्या पायात येतात.

हे सगळे किस्से एकाच मॉडेलचे आहेत. आमच्याच शाळेत भरणाऱ्या तालुक्याच्या प्रदर्शनासाठी चित्रकलेच्या तळेकर सरांनी आम्हा तिघींना, म्हणजे मुक्ता, रुख्सार आणि मला, 'हिवाळा' असा विषय दिला. आमचं गाव भोकरदनकडचं. इथला हिवाळा म्हणजे हुरडा, मफलर आणि सकाळची शेकोटी. पण मुक्ता एकदम म्हणाली, "सर, बर्फातला हिवाळा करू. पप्पांच्या चौकीचा."

मुक्ताचे पप्पा फौजेत आहेत. सुट्टीवर आले की शेतात जातात, जेवतात, झोपतात. तिकडचं काही विचारलं की "थंडी असती" एवढंच उत्तर. मुक्ताला बक्षीस नको होतं. जानेवारीत पप्पा येणार होते. त्यांनी मॉडेल बघावं आणि "बराबर हाय" म्हणावं, एवढंच तिला पाहिजे होतं.

अडचण एकच होती. आमच्यापैकी कोणीही बर्फ पडलेला पाहिला नव्हता. सरांनीसुद्धा!

*

पहिला बर्फ कापसाचा केला. बर्फ पांढरा, कापूस पांढरा, आणि कापूस तर घराघरात पडलेला. थर्माकोलचा डोंगर झाकून टाकला. मधेमधे सरकी दिसत होती, ती सर म्हणाले "दगड समजू."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक बघायला आले. त्यांनी मान डोलावली, चष्मा काढून पुसला, परत लावला आणि डोंगराकडे बोट केलं. "हे गुलाबी काय चालून राह्यलं?"

शिखराजवळून एक अळी सावकाश खाली उतरत होती.

रुख्सारला गप्प बसता येत नाही. ती म्हणाली, "सर, तो ट्रेकिंगवाला हाय!"

पण मुख्याध्यापकांचा स्वतःचा कापूस आहे. ते दोन पावलं मागे सरकले. "बोंडअळी! आधी हा हिमालय शाळेच्या बाहेर काढा. माझं वावर इथून जवळ हाय!"

*

मग सर म्हणाले, "आधी खऱ्या बर्फाचा अभ्यास करा. फांदीवर तो कसा बसतो, ते बघा."

रुख्सारचे अब्बा उन्हाळ्यात बर्फाच्या गोळ्याची गाडी लावतात. हिवाळ्यात त्यांचं किसायचं मशीन घरात नुसतं पडून असतं. ती ते मशीन आणि बर्फाचा एक तुकडा घेऊन आली. आम्ही बर्फ किसला, बोरीच्या वाळक्या फांदीवर टाकला आणि वह्या उघडून बसलो. बर्फ काट्यांवर छान अडकला. मी त्याचं चित्र काढायला घेतलं, तेवढ्यात रुख्सारने दप्तरातून सरबताची बाटली काढली. "अब्बा बोलते, किसलेला बर्फ वाया घालवायचा न्हाई."

सर आले तेव्हा फांदी कोरडी होती.

"अभ्यास झाला?"

"झाला, सर."

"जीभ दाखवा."

आम्ही तिघींनी जीभ दाखवली. सरांनी वाकून एकेक जीभ बघितली. मग म्हणाले, "हिमालयात जांभळा बर्फ पडतो, हे मला आजच कळलं!"

*

मुक्ताचे पप्पा नेमके कुठे आहेत, ते घरीसुद्धा सांगत नाहीत. म्हणून त्यांच्या घरात त्या जागेला नुसतं 'वर' म्हणतात. 'वर नेटवर्क न्हाई', 'वर लाडू पाठवले', असं.

याच दिवसांत इंग्रजीच्या नव्या मॅडम आल्या. पहिल्याच तासाला सगळ्यांची ओळख करून घेत होत्या.

"मुक्ता, तुझे पप्पा काय करतात?"

"पप्पा वर असतात, मॅडम."

मॅडमचा चेहरा एकदम उतरला. "कधीपासून, बाळा?"

"मी चौथीत होते तेव्हापासून."

मॅडम तिच्या बाकाजवळ आल्या आणि डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "ते जिथे असतील तिथे सुखात असतील हं."

"न्हाई मॅडम, थंडी लई असती."

मॅडमचा हात थांबला. मुक्ताला वाटलं, मॅडमना वाईट वाटलं. त्यांना बरं वाटावं म्हणून ती पुढे म्हणाली, "पण जानेवारीत येणार हायेत ना! पंधरा दिवस राहतील."

त्या दिवशी पहिला तास तिथेच संपला.

*

झाडांना फार वेळ लागला. सूचिपर्णी झाड करायची रीत अशी. सुतळीचे बोटभर तुकडे करायचे, दोन तारांच्या मधे आडवे पसरायचे, तारांची टोकं गच्च धरायची आणि पीळ द्यायचा. सुतळी सगळीकडून फुलते. मग ती कात्रीने वर निमुळती, खाली रुंद कापायची आणि हिरवा रंग द्यायचा.

हाताने पिळून बोटं दुखायला लागली, म्हणून सरांनी लाकडाला भोक पाडायचं हातमशीन आणलं. तारेचं एक टोक मशीनमध्ये, दुसरं मुक्ताच्या हातात. रुख्सार दांडा फिरवत होती. झाड बघता बघता फुललं.

"जल्दी फिरव, जल्दी!" मुक्ता बघायला वाकली. तिची वेणी पुढे आली आणि झाडात गेली.

ती ओरडली. रुख्सारला वाटलं, ती खुश झाली. तिने आणखी जोरात फिरवलं!

शेवटी सरांनीच कात्री घेतली. झाड वाचलं, वेणीचं टोक गेलं. ते झाड मॉडेलमध्ये डाव्या कोपऱ्यात आहे. बाकीच्यांपेक्षा काळं आणि चमकदार. सर त्याला 'देशी जात' म्हणतात.

*

सगळं जंगल तयार झालं तेव्हा एके दिवशी दुपारच्या सुट्टीत सरांच्या मोबाइलवरून पप्पांचा फोन लागला. मुक्ताने मॉडेलचं काही सांगितलं नव्हतं. हळूच विचारलं, "पप्पा, तिकडं झाडावर बर्फ नुसता वरून बसतो का बाजूनंबी?"

आवाज तुटत तुटत आला. "कोणतं झाड?"

"कोणतंबी. तुमच्या चौकीजवळचं."

"इथं झाडच न्हाई, बेटा. लई उंचावर हाय हे. गवतबी न्हाई."

फोन कट झाला. आम्ही जंगलाकडे बघत राहिलो. मुक्ताने एक झाड उपटायला हात घातला, तिचे डोळे भरून आले होते.

तळेकर सरांनी तिचा हात धरला. "थांब, थांब. झाडं वर जात न्हाईत ना? मंग पप्पांची बदली खाली करू!"

आणि त्यांनी शिखराजवळची पुठ्ठ्याची चौकी उचलून डोंगराच्या पायथ्याला, झाडांजवळ ठेवली. फौजेत एवढ्या जल्दी कोणाची बदली झाली नसेल.

*

शेवटचा बर्फ रांगोळीचा. डोंगरावर डिंक लावायचा, त्यावर चाळणीने पांढरी रांगोळी. खाली घट्ट बसते, वरची भुसभुशीत राहते आणि उन्हात चमकते. छपरावर, झाडांवर, चौकीच्या दारापर्यंत आम्ही ती चाळली. संध्याकाळी खोली बंद करताना पहिल्यांदाच मुक्ता म्हणाली, "आता थंडी वाजून राह्यली."

सकाळी दार उघडलं तर चौकीच्या दारात, बर्फावर, लक्ष्मीची पावलं! बारीक, सुबक, बोटांसकट, आत जाणारी.

शाळेच्या मावशी बाहेर झाडत होत्या. सरांनी विचारलं, "मावशी, हे तुम्ही केलं?"

"मंग! मार्गशीर्षातला गुरुवार हाय आज. दारात येवढी रांगोळी सांडून ठेवली आन् पावलं काढायची ध्यानात न्हाई कुणाच्या."

"अहो, ती फौजेची चौकी आहे!"

"आस्सं?" मावशींनी झाडू भिंतीला टेकवला. "मंग तर बरंच झालं की. तिथं त्यांच्या दारात कोण काढतं बिचाऱ्यांच्या?"

*

प्रदर्शनाच्याच दिवशी सकाळी मुक्ताचे पप्पा आले. रात्रीच जालन्याला उतरले होते. आम्ही सगळे स्वेटर-मफलरमध्ये, आणि ते शर्टाच्या बाह्या दुमडून. मुक्ताने त्यांना हाताला धरून खोलीत आणलं आणि स्वतः आमच्या मागे जाऊन उभी राहिली.

त्यांनी मॉडेलला एक चक्कर मारली. काही बोलले नाहीत. झाडांकडे वाकून बघितलं. मुक्ता ओढणीचं टोक चावत होती. तळेकर सरांनाच राहवलं नाही. "कसं वाटतंय?"

पप्पा गुडघ्यावर बसले. चौकीच्या दारासमोर डोळा नेला आणि दारातल्या बर्फाला बोट लावून बघितलं. मग म्हणाले, "चमचा हाय का?"

सरांनी मावशींना हाक मारली, "मावशी, साहेबांना चहा आणा!"

चहा आला, साखरेचा डबा आला, चमचे आले. पप्पांनी चहाला हात लावला नाही. एक चमचा घेतला आणि चौकीच्या दारातला बर्फ उपसायला सुरुवात केली. एक चमचा डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही बाजूंना सारखे ढीग. दार मोकळं झालं, पायरी दिसली, पायरीपासून वाट निघाली.

आम्ही दिवसभर खपून चाळलेली रांगोळी होती ती!

मुक्ता आमच्या मागून पुढे आली. तिने दुसरा चमचा उचलला आणि समोरून, झाडांच्या बाजूने, उपसायला लागली. पप्पांनी तिच्याकडे बघितलं नाही. नुसतं म्हणाले, "खालून उचल. नुसतं ढकलू नको, मागं परत येतं ते."

"बराबर?"

"बराबर."

तळेकर सर घड्याळ बघत होते, त्यांचा धीर सुटला. "अहो साहेब, थांबा! आता परीक्षक येणार हायेत!"

पप्पांनी मान वर न करताच सरांपुढे तिसरा चमचा धरला.

"येणार कुठून, सर? रस्ता बंद हाय."