दुपारी वारा फिरतो

काल्हेरच्या आमच्या घरात सकाळचा वारा स्वयंपाकघराच्या खिडकीतून येतो आणि गॅलरीतून बाहेर पडतो. दुपारी जेवणं आटोपून भांडी घासून झाली की तो फिरतो. मग तो खाडीकडून येतो, गॅलरीतून आत शिरतो आणि स्वयंपाकघरातून गोदामांच्या पत्र्यांवर निघून जातो. या घरात राहून मला बरीच वर्षं झाली, पण हे मला ताईने सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. पडदा हलतो एवढंच मी पाहत होते. तो आत हलतो की बाहेर, इकडे माझं कधी लक्ष गेलं नाही.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. भिवंडीतल्या एका रुग्णालयात ती नर्स होती आणि मी कॉलेजच्या ग्रंथालयात. आम्ही दोघीही लग्नाच्या वाटेला गेलो नाही. आई-वडील गेल्यावर दोघीच एकत्र राहिलो. गेल्या उन्हाळ्यात ताई गेली. तिला क्षय झाला होता.

वारा ओळखायला ती वडिलांकडून शिकली. बाबांची खाडीत रेतीची होडी होती. होडीत पाय ठेवण्याआधी ते बोट तोंडात ओलं करून हवेत धरायचे. ताई वॉर्डात बोटाऐवजी उदबत्ती धरायची. ही युक्ती तिची नव्हती. क्षयाच्या वॉर्डात नर्सचं टेबल कुठे ठेवावं हे ठरवायला तपासणीची माणसं आली होती, त्यांनीच उदबत्ती पेटवून धूर कुठे जातो ते पाहिलं. धूर टेबलापासून खाटांकडे गेला आणि खाटांवरून पलीकडच्या खिडक्यांबाहेर. म्हणजे रुग्णांच्या खोकल्याची हवा नर्सकडे येत नाही. सगळ्यांचं समाधान झालं, टेबल तिथेच राहिलं.

पण ती माणसं सकाळी आली होती.

ताईने दुपारच्या ड्युटीत एकदा सहज उदबत्ती लावली, तेव्हा सगळा धूर खाटांवरून सरळ तिच्या तोंडावर आला. तेव्हापासून दुपारी वारा फिरला की ती आपली खुर्ची उचलून वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवायची. तिथूनच उठायची, औषधं द्यायची, परत तिथे जाऊन बसायची. बाकीच्या नर्स हसायच्या.

"सिस्टर, खुर्चीला चाकं लावून घ्या आता."

"चाकं कशाला? तुम्हीच उठा ना माझ्याबरोबर. बसून बसून टेबलाला पाय फुटतील, पण तुम्हाला न्हाय फुटायचे."

घरी येऊन ती हे मला रंगवून सांगायची. चिडली की तिच्या बोलण्यात आमचं गावचं 'न्हाय' यायचं. रुग्ण खिडक्या बंद करायला लावायचे ते वेगळंच. "सिस्टर, ठंड लगती है, खिडकी बंद करो ना." बहुतेक लूमवरची माणसं, घरापासून लांब आलेली. ती त्यांना चादर द्यायची, कधी दोन द्यायची, पण खिडकी उघडीच ठेवायची.

इतक्या सावध असणाऱ्या बाईला क्षय कसा झाला, असं लोक मला अजून विचारतात. ताईचं म्हणणं होतं की तो तिला क्षयाच्या वॉर्डात लागलाच नाही. मधे काही महिने तिची ड्युटी बायकांच्या साध्या वॉर्डात होती. तिथे पाय मोडलेली एक बाई होती. सतत खोकायची. घरात लूम, दिवसभर कापसाची धूळ, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. भिवंडीत कोण खोकत नाही? तिचा क्षय कळला तेव्हा ताईने तिला कितीतरी दिवस हाताने उठवलं-बसवलं होतं. "जिथे पाटी लावलीय तिथे आपण तोंड बांधतो गो," ती मला म्हणाली. "जिथे पाटी न्हाय तिथे आपण मोकळे फिरतो."

आणि तिचा स्वतःचा खोकला सुरू झाला तेव्हा आम्ही दोघींनी तो रस्त्यावरच्या ट्रकांच्या धुळीवर ढकलला. मी आल्याचा काढा करून दिला. दुसऱ्या कोणी दोन आठवडे खोकला सांगितला असता तर तिने त्याला हाताला धरून तपासणीला नेलं असतं.

तपासणीत क्षय निघाला, आणि तोही नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा. ती स्वतःसाठी घाबरली असेल, पण मला ते दिसलं नाही. मला दिसली ती माझ्यासाठीची भीती. मला संधिवात आहे. त्यावरच्या औषधाने अंगातली प्रतिकारशक्ती कमी होते. डॉक्टरांनी मला तपासलं, माझं काही निघालं नाही. तरी ते म्हणाले, तुम्ही काही महिने दुसरीकडे राहा. वळ गावाहून आत्या लगेच आली. दाराबाहेर उभी राहूनच म्हणाली, "चल गो माझ्याकडं. दोन घास जास्त शिजवीन, त्यात काय हाय?"

"मी नाही येणार," मी म्हणाले.

ताई आतून ओरडली, "घेऊन जा तिला! ती पुस्तकं वाचून हट्टी झालीय."

"तुमी दोघी एकाच आईच्या," आत्या म्हणाली आणि आणलेली सुकट दारात ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर ती घरभर उदबत्ती घेऊन फिरत होती, मास्क लावून, भिंतीला धरत. दुपारी पुन्हा फिरली. मग तिने निकाल दिला. राहायचं तर तिच्या नियमाने राहायचं. झोपायच्या खोल्या वेगळ्या. दारं-खिडक्या सताड उघड्या. दिवाणखान्यात दोन खुर्च्या, दोन टोकांना. तोंडावर मास्क दोघींच्याही. सकाळी मी स्वयंपाकघराच्या बाजूला, ती गॅलरीशी. दुपारी वारा फिरला की अदलाबदल.

"वारा फिरला गो, ऊठ."

हे वाक्य मी त्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात रोज ऐकलं. पुस्तकात डोकं घालून बसलेली असले तर ती चमचा पेल्यावर वाजवायची. मी उठून आत खोलीत जायचे, ती हळूहळू चालत स्वयंपाकघराच्या खुर्चीत जाऊन बसायची, मग मी बाहेर येऊन गॅलरीशी बसायचे. बाहेरून कोणी पाहिलं असतं तर आम्ही काहीतरी खेळतो आहोत असं वाटलं असतं.

या वाटणीत एक गोष्ट मला टोचायची. ताईला खाडी फार आवडायची. ड्युटीवरून आली की चहाचा कप घेऊन गॅलरीत उभी राहायची. आता ऐन संध्याकाळची खाडी माझ्या वाट्याला आली होती आणि तिच्या वाट्याला गोदामांचे पत्रे. मी एकदा म्हणाले, "आजच्या दिवस तू बस इथे."

"आणि तू?"

"मी खाली फिरून येते."

"तुझे गुडघे बघ आधी," ती म्हणाली. "तूच सांग मला काय दिसतंय ते. इतकी पुस्तकं वाचलीस, तेवढं तरी येईल की."

मग मी सांगू लागले. भरती आहे. पाणी मातीच्या रंगाचं आहे. एक होडी उलटी करून ठेवली आहे. पुलावर ट्रक अडकलेत. बगळे आलेत. पहिल्या दिवशी मला दोन वाक्यांपलीकडे सुचेना. ती म्हणाली, "एवढंच? बगळे काय करतायत?" हळूहळू मला दिसू लागलं. तिचा आवाज मास्कमधून आणि वाऱ्याविरुद्ध माझ्यापर्यंत नीट यायचा नाही, पण माझा तिला स्वच्छ ऐकू जायचा. वारा माझ्याकडून तिच्याकडे असायचा ना. म्हणून ती कमी बोलायची आणि मी, जी आयुष्यभर गप्प राहिले, ती बोलत राहायचे.

उन्हाळा चढला तसं तिचं अन्न तुटलं. शेवटी तिला दवाखान्यात दाखल करावं लागलं, तिच्या नाही, दुसऱ्या. मी घट्ट बसणारा मास्क लावून भेटायला जायचे. शेवटच्या भेटीत तिला बोलवत नव्हतं. मी खाटेजवळ स्टूल ओढून बसले. तिने हात उचलला आणि बोटं हलवली. नर्सला वाटलं पाणी हवंय. तिने पाणी आणलं, ताईने मान हलवली आणि पुन्हा तीच खूण केली. मी खोलीत पाहिलं. खिडकी माझ्या पाठीमागे नव्हती, समोर होती, तिच्या पलीकडे. दुपार टळून गेली होती आणि खिडकीचा पडदा आत हलत होता.

मी उठले आणि स्टूल खिडकीखाली नेऊन ठेवलं. तिने हात खाली ठेवला. मग मी तिला सांगितलं की भरती आहे आणि बगळे अजून गेलेले नाहीत. त्या खिडकीतून फक्त पार्किंग दिसत होतं.

ती गेल्यानंतर माझी पुन्हा तपासणी झाली. मला काही झालेलं नाही. डॉक्टर म्हणाले, तुमच्या बहिणीने तुम्हाला जपलं. तिच्या वॉर्डातलं ते टेबल अजून जागच्या जागीच आहे, असं ऐकते.

आत्याने तिचा फोटो गॅलरीच्या दाराशेजारी लावला. मी सकाळी त्यापुढे उदबत्ती लावते, तेव्हा धूर बाहेर जातो. संध्याकाळीही लावते. आता संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या बाजूच्या खुर्चीत बसते आणि खाडी तिला देते. मास्क लावत नाही. वारा तिच्याकडून येतो, धूर दिवाणखाना ओलांडून माझ्या तोंडावर येतो, डोळे थोडे चुरचुरतात. पहिले काही दिवस अंग आपोआप उठायला बघायचं. आता मी बसून राहते.