केळीच्या घडाची काळी कड

राग माझ्या नाकावरच असतो, हे माझ्या शाळेतली पोरंही सांगतील. जळगावात मी चित्रकला शिकवते आणि घरी आल्यावर टीव्हीसमोर बसून गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळते. या वयात हे काय, असं नवऱ्याने एकदाच विचारलं, पुन्हा विचारलं नाही. खरं तर शर्यतीत मला गती नाही, मी हमखास शेवटून दुसरी येते. मला रस आहे तो गाड्या रंगवण्यात. त्या गेममध्ये खेळाडू आपली गाडी आपणच रंगवतात आणि ते डिझाइन जगभरच्या खेळाडूंसाठी खुलं करतात. कुणाला आवडलं तर तो ते स्वतःच्या गाडीवर चढवतो, लाइक देतो. एवढंच. पण त्या एवढ्याशासाठी माणूस वेडा होतो.

माझे वडील, आबा, धुळ्यात ट्रक रंगवायचे. रावेरकडची केळी भरून दिल्लीला निघणाऱ्या ट्रकच्या मागच्या फाळक्यावर घड काढावा तर आबांनीच. आधी पिवळा रंग भरायचा, मग सगळ्यात शेवटी एकेका केळ्याभोवती काळी कड ओढायची, श्वास रोखून, एका दमात. मग कोपऱ्यात सही. पुढे त्यांना कंपवाताने धरलं आणि ब्रश सुटला. त्यांनी रंगवलेल्या शेवटच्या ट्रकचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये होता. तोच घड मी गेममध्ये करायला घेतला.

तिथे ब्रश नसतो. गोल, त्रिकोण, पट्ट्या एकावर एक ठेवत चित्र उभं करायचं. फोटो मोठा करकरून मी आबांची कड जशीच्या तशी उतरवली, जाड तिथे जाड, बारीक तिथे बारीक. दिवाळीची सगळी सुट्टी त्यात गेली, फराळ सासूबाईंनी एकटीने केला. कोपऱ्यात आबांची सही घातली आणि एका लाल परदेशी गाडीच्या बॉनेटवर तो घड चढवून सगळ्यांना खुला केला. डिझाइनला कुलूप लावायची सोय असते. मी लावलं नाही. किती तुकडे जोडून केलंय ते लोकांनी उघडून बघावं, ही माझी हौस.

त्यानंतर चैन म्हणून पडेना. वर्गात पोरांना निसर्गचित्र काढायला सांगून मी टेबलाखाली मोबाईलवर गेमचं अ‍ॅप उघडून लाइक मोजायची. दोनदा दूध उतू गेलं. कुणीतरी हसरे चेहरे टाकले, एकाने लिहिलं, माकडाची गाडी. त्या माकडावरून मी दिवसभर घरात आदळआपट केली. तरी हळूहळू शेदीडशे जणांनी घड घेतला. आबांचं नाव शेदीडशे गाड्यांवर पळतंय, या विचाराने मला एका जागी बसवेना.

आणि एक दिवस तोच घड मला काळ्या गाडीवर दिसला. खाली आबांची सही नाही, दुसऱ्याच कुणा खेळाडूचं टोपणनाव. माझ्या शेदीडशेपुढे त्याचे हजारो. तळपायाची आग मस्तकात गेली. तक्रार करायची तर मूळ चित्र आपलं असल्याचा पुरावा लागतो. आबांच्या जुन्या कामांचे, सहीचे फोटो धुळ्याला असतील म्हणून रविवारी मी एसटी पकडली. पारोळ्याला बस थांबली तेवढ्यात तीनदा मोबाईल बघितला. त्याचा आकडा वाढतच होता.

आबा भावाच्या घरी अंगणात खुर्चीवर बसले होते. मी चहाही न घेता सगळं सांगून टाकलं आणि मोबाईल त्यांच्या हातात दिला. हातात तो राहीना, म्हणून मी त्यांच्या मांडीवर धरला. आधी माझी लाल गाडी दाखवली, मग त्या चोराची काळी. काळी गाडी त्यांनी खूप वेळ बघितली.

"हाऊ मना शे," ते अहिराणीत म्हणाले, हा माझा आहे.

"आबा, तो चोरलेला आहे. आपला तो लाल गाडीवरचा."

"हाऊ मना शे. कड दख."

मी बघितलं. चोराने माझा घड उघडून कडेचा एकेक तुकडा सरळ केला होता. त्याची कड एका दमात ओढल्यासारखी वाहत होती. माझी केळ्या-केळ्याला थरथरत होती. चित्रकला शिकवणाऱ्या बाईला हे दिसू नये? मी कंपवातच मोजून-मापून उतरवला होता, आणि खाली आबांची सही ठोकून जगभर फिरवला होता.

"ते दिन मना हात मनाजोडे व्हता कोठे?" आबा म्हणाले. शेवटच्या ट्रकच्या दिवशी हात त्यांच्याजवळ नव्हताच. मग थांबत थांबत बोलले, की त्या ट्रकवर सही करायची त्यांची इच्छाच नव्हती. मालक जुना, त्याने आग्रह केला म्हणून केली. ट्रक गेल्यावर दोन दिवस ते जेवले नाहीत. हे आम्हा कुणाला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, मला लाल गाडीवरचाच आवडतो. ते खोटं नव्हतं, आत्ताही नाही.

"तुले आवडस ना? मंग तुनाजोडे राहू दे. जगले नको दखाडू."

जुन्या फोटोंची पिशवी मी मागितलीच नाही. परत येताना एरंडोल यायच्या आत माझा घड सगळ्यांसाठी बंद केला. तक्रार अर्धी लिहिलेली होती, ती पुसली. त्या माणसाचा इतका राग मला चोरी कळली तेव्हाही आला नव्हता. आबांना त्यांचा हात त्याने परत दिला होता, आणि मी त्यांची मुलगी.