मामीचं मोहाचं झाड

मामी कुणाच्याही घरी पुढच्या दाराने गेल्याचं मला आठवत नाही. लग्नाचं बोलावणं असो की आजाऱ्याची विचारपूस, ती आधी घराला वळसा घालून परसात शिरायची. तिथे काय लावलंय, कशाला पाणी कमी पडतंय, कोणता वेल मांडवावर चढवायला हवा, हे सगळं पाहून झालं की मगच मागच्या दारातून यजमानांना हाक मारायची. बिचारे पुढच्या दारात वाट बघत उभे असत. "घर मांगेथीन देखानं," ती म्हणायची, "मोरेथीन त्ये सगळासना घर सारखाच."

माझी बँकेतली पहिली नेमणूक तळोद्याला झाली आणि मी मामा-मामींकडे राहायला गेले. मामा शाळेतून निवृत्त झालेले, माळकरी, शिस्तीचे. मामीला मात्र त्याच सुमारास फिरण्याचं वेड लागलं होतं. रविवार उजाडला की ती जीपच्या थांब्यावर. ड्रायव्हरशेजारची जागा तिची, असं तिनेच ठरवून टाकलं होतं आणि तिच्याशी वाद घालण्याची कुणाची टाप नव्हती. मला मागे कोंबायची. जीप सातपुड्यात चढायला लागली की कुठल्या पाड्यावर उतरायचं हे ती रस्त्याकडेची कुंपणं बघून ठरवायची. एकदा तर एका घराच्या छपरावरचा भोपळा आवडला म्हणून आम्ही भर उन्हात उतरलो होतो.

फुकट बी घ्यायचं नाही, हा तिचा कायदा. पदराच्या गाठीत आपल्या भरताच्या वांग्यांचं बी बांधून न्यायची आणि येताना त्याच गाठीत डोंगरातला वाल, लाल भेंडी, नाहीतर नाव माहीत नसलेलं काहीतरी घेऊन यायची. तिची अहिराणी डोंगरात कळत नसे आणि त्यांची भिलोरी तिला कळत नसे. तरी गप्पा तासन् तास चालत. मला दोन्हीकडचं थोडंथोडं कळायचं, म्हणून मध्ये पडायला जायचे, तर मामी आणि घरची बाई दोघी मलाच गप्प बसवत.

काठी गावाच्या अलीकडे एका पाड्यावर रेमतीबाई भेटली. तिच्या परसात आंब्याच्या फोडी वाळत होत्या आणि कडेला मोहाचं जुनं, मोठं झाड होतं. झाडाखालची जमीन अंगणासारखी झाडून ठेवलेली, पहाटे पडणारी फुलं मातीत मळू नयेत म्हणून. मामी त्या झाडाकडे बघतच राहिली. रेमतीबाईने खाकऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या, पानाच्या द्रोणात घरची मोहाची दारू आणून पुढे धरली. तिथली रीत अशी की आधी थोडे थेंब भुईवर सांडायचे, मग आपण घ्यायची. माळकऱ्याच्या बायकोपुढे मोठं संकट. नाही म्हणावं तर घरच्या बाईचा अपमान, घ्यावी तर मामा. मामीने हात जोडले, डोळे मिटले आणि अख्खा द्रोण भुईला अर्पण केला.

रेमतीबाई तिच्या भक्तीवर खूश झाली. तिने द्रोण पुन्हा काठोकाठ भरला आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "देवाचं झालं. आता तुझं."

मग मामी प्यायली. परतताना तळोदा येईपर्यंत जीपमध्ये तिने लग्नातली सगळी गाणी म्हटली. घरी गेल्यावर मामांनी विचारायच्या आत स्वतःच सांगून टाकलं. मामा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

त्याच पावसाळ्यात तिने रेमतीबाईकडून मोहाचं रोप मागितलं. वांग्याचं बी पुढे केलं तर रेमतीबाई मान हलवून हसली. तिची मागणी वेगळीच होती: पहिलं फूल पडेल तेव्हा मला बोलाव. मामीने शब्द दिला. मोहाला फूल यायला दहा-बारा वर्षं लागतात, हे दोघींनाही ठाऊक होतं आणि दोघींचेही केस पांढरे होते.

मामा खवळले. माळकऱ्याच्या परसात मोह म्हटल्यावर गावात काय शोभा राहणार? "दारू मानूस काढस, झाड नही काढत," एवढंच बोलून मामीने खड्डा खणला. पुढे कंपाउंडची भिंत बांधताना ते रोप नेमकं मध्ये आलं. मामा म्हणाले, काढा. मामी गवंड्यासमोर रोपाजवळ बसून राहिली, संध्याकाळपर्यंत उठली नाही. ती भिंत आजही त्या जागी वाकडी आहे. मामा प्रत्येक पाहुण्याला त्या वाकडेपणाचा इतिहास ऐकवायचे, आधी तक्रारीने, नंतरनंतर थोड्या ऐटीने.

शेवटच्या वर्षी मामीला जीपमध्ये चढवत नव्हतं. ती झाडाखाली बाजेवर पडून असायची. माझी एव्हाना बदली झाली होती; मी भेटायला गेले तेव्हा झाड भिंतीच्या वर गेलं होतं, पण फुलाचा पत्ता नव्हता. म्हणाली, "मी नही ऱ्हायनू तरी रेमतीले बलावजो." मी हो म्हटलं. मामा पायरीवर बसून वाती वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

ती गेल्याला दोन वर्षं झाली. या मार्चमध्ये भल्या पहाटे मामांचा फोन आला. "पडनं," एवढंच म्हणाले. मला आधी भलतंच वाटलं. मग कळलं, मोहाचं पहिलं फूल. रेमतीबाईला निरोप धाडायला हवा असं मी म्हणाले, तर मामांनी तो आदल्या आठवड्यातच, कळ्या दिसल्याबरोबर, जीपवाल्याकडे दिला होता.

मी पोचले तेव्हा झाडाखालची जमीन स्वच्छ झाडलेली होती. रेमतीबाई पुढच्या दाराशी थांबलीच नाही, वळसा घालून थेट परसात आली. मला तेव्हा रडू आलं. तिने पिशवीतून बाटली काढली, द्रोण भरला आणि मामांपुढे धरला. मामांनी हात जोडले आणि सगळा द्रोण बुंध्याशी ओतला.

रेमतीबाईने पुन्हा भरला. "देवाचं झालं. आता तुझं."

"हाई तिनं शे," मामा म्हणाले आणि मामीच्या वाट्याचा तोही बुंध्याशी ओतला. मग वाकून एक फूल उचललं, धोतराला पुसलं आणि तोंडात टाकलं.