साळ्याची बोटं

भिलाईत पोलाद कारखान्याची भट्टी उभी राहत होती, तेव्हा आमच्या टोळीचा मुकादम भंडाऱ्याकडचा होता. हुकूम सोडणं त्याला जमत नसे. कोणी उघड्या हातानं पोलादी तारांचा वायररोप धरला, की तो विडी कानामागे खोचून जवळ येई.

"माह्या साळ्यानं असाच धरला होता, बाप्पा. बोटं गेली. आता बायको घास भरवून राहिली त्याले."

ऐकणारा हातमोजे चढवी.

एके सकाळी तो साळाच गावाहून आमच्या टोळीत कामाला आला. दहाही बोटं शाबूत. आम्ही गालात हसलो. त्यानं येताच उघड्या हातानं वायररोप धरला. मुकादमानं विडी कानामागे खोचली आणि त्याच्याच तोंडावर, त्याच चालीत सुरू केलं, "माह्या साळ्यानं..."

गोष्ट संपली तेव्हा साळ्यानं आपली बोटं एकदा निरखून पाहिली आणि हातमोजे चढवले.