ओळंब्याची वाकडी घरं

गल्लीत त्यांना सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ उभी राहतेय की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. हे काही गवंडी नव्हते, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पण चाळीस वर्षांत हातून एक अक्षर तिरकं गेलं असेल तर शपथ. खडू लावलेली दोरी फळीवर ताणायची, एक फटका मारायचा, हात टेकवायला काठी धरायची, श्वास रोखायचा आणि रेघ ओढायची. कुणाकडे चहाला गेले तरी आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करणार, मगच बसणार. एकदा शिडीवरून पडून कपाळ फुटलं, तेव्हा टाके घालणाऱ्या डॉक्टरीणबाईंना समोरच्या आरशात बघून म्हणाले होते, "बाई, तिसरा जरा खाली गेलाय."

मग पाट्या मशीनवर छापून यायला लागल्या आणि ओळंबा घरी बसले. घरी बसले म्हणजे काय, स्वयंपाकघरात शिरले. डबे उंचीप्रमाणे लावले, चमचे एका दिशेला निजवले. आठवड्याभरात काकूंनी हात टेकले. "अहो, मीठ शोधायला मला आता पट्टी घेऊन जावं लागतं!"

अशा वेळी भाचा धावून आला. त्याचं फ्रेमचं दुकान. लोकांना हल्ली दिवाणखान्यात नामांकित चित्रांच्या नकला हव्या असतात, त्याही छापलेल्या नव्हे, हातानं रंगवलेल्या. ओळंब्यांनी समुद्र काढला, फुलदाणी काढली. गिऱ्हाईक खूश, भाचा खूश, आणि काकूंना मीठ सापडायला लागलं.

मग डॉक्टरीणबाईंची मागणी आली. त्याच, टाकेवाल्या. भाच्यानं पुस्तकातलं चित्र समोर ठेवलं: लाल आभाळ, हिरवा रस्ता, आणि त्यावर रांगेनं पाच घरं, सगळी वेडीवाकडी कलंडलेली.

"मामा, याला एक्स्प्रेशनिझम म्हणतात. चित्रकाराला आत जे वाटतं, तेच तो बाहेर काढतो."

"आत काय वाटत होतं त्याला? भूकंप?"

पंधरा दिवसांनी चित्र गेलं आणि दुसऱ्या दिवशी परत आलं. रंग हुबेहूब, पण घरं? पाचही ताठ, खिडक्या एका रेषेत, जणू कवायतीला उभी. बाईंनी निरोप दिला होता, "काका, मला चित्र हवं होतं, बिल्डरची जाहिरात नको."

"मी मुद्दाम नाही रे केलं," ओळंबा म्हणाले. आणि ते खरंच होतं. वाकडी रेघ काढायला हात उचलला की काठी, दोरी आणि चाळीस वर्षं मिळून तो हात सरळ ओढून नेत.

भाचा मान खाली घालून म्हणाला, "मामा, हे पुन्हा परत आलं तर मला छापूनच द्यावं लागेल. आणि एकदा छापायला लागलो की..." पुढचं त्यानं गिळलं. न सांगता कळण्याइतके ओळंबा शहाणे होते.

परत आलेलं चित्र काकूंनी पलंगामागच्या भिंतीवर टांगलं. "छान आहेत हो घरं. पण या घरांत कुणी राहत नाही." मग त्या पुस्तक घेऊन खिडकीशी बसल्या, चष्मा पुसला आणि खुदकन हसल्या. "अगंबाई, हे तिसरं तर तुमच्या वहिनी!"

"काय?"

"बघा ना. शेजारच्या घराला कान लावून कशा वाकल्यात. आणि हे जाडं घर म्हणजे तुमचा भाऊ, जेवून खुर्चीत डुलक्या काढतोय. हे दार सताड उघडं म्हणजे माझी मावशी, तोंड काही मिटत नाही. कडेचा तो बारका आपला जावई, सगळ्यांपासून अंग चोरून."

"आणि हे पहिलं? एकटंच ताठ?"

"ताठ कुठलं! जरासं मागे कललंय. कुणाचं काही चुकतंय का ते बघायला." काकूंनी चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं.

ओळंब्यांनी पुस्तक हातात घेऊन पाचही घरं पुन्हा निरखली. मग म्हणाले, "माणसं सरळ करायचा नाद मी आपल्या लग्नाच्या पहिल्या वर्षातच सोडला."

"सोडला नाहीत. मी सोडवला." असं म्हणून काकूंनी दोरी आणि काठी उचलली आणि थेट पिठाच्या डब्यामागे टाकली.

या वेळी रेघ सरळ जायला लागली की ओळंबा पुटपुटायचे, "वहिनी, वाका. वाका जरा, भांडणाचा आवाज येतोय." आणि वहिनी वाकायच्या. भावाचं छप्पर रंगवताना तर त्यांना हसू आवरेना, दोनदा ब्रश खाली ठेवावा लागला.

चित्र टांगायला ते स्वतः गेले. डॉक्टरीणबाई हाताची घडी घालून समोर उभ्या राहिल्या. एक मिनिट गेलं. दुसरंही गेलं. ओळंब्यांचा हात कपाळावरच्या टाक्यांच्या खुणेवर गेला.

"काका," बाई गंभीरपणे म्हणाल्या, "तिसरं जरा खाली गेलंय."

ओळंब्यांनी हात खाली घेतला. म्हणाले, "ते तसंच राहील, बाई. ते ऐकतंय."

बाईंनी पुन्हा निरखून पाहिलं आणि फस्सकन हसल्या. "खरंच की! अगदी माझ्या नणंदेसारखं. राहू दे, काका. आणि जिन्यातल्या भिंतीसाठीही एक काढा. असंच, ऐकणारं."

ओळंब्यांनी पिशवीतून पिठाच्या डब्यामागची ती दोरी काढली, तिला वजन बांधून फ्रेमच्या कडेला सोडली, एक डोळा मिटून पाहिलं आणि फ्रेम केसभर उजवीकडे सरकवली. घरं कशीही कलंडू देत. खिळा त्यांचा होता.